निरुपयोगी दिसणारी ओळ

चहाच्या रांगेत उभी राहून मी स्वतःशीच भांडत होते. म्हणजे खरं तर कंप्युटरशी, पण तो खाली तळघरात होता आणि मी वर कॅन्टीनमध्ये.

"अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणे! अरे, लायब्ररी तुझ्या नाकासमोर ठेवलीय. डोळे फुटले का तुझे?"

"नावाच्या शेवटी अंडरस्कोर आहे का?" मागून कुणीतरी विचारलं.

मी वळले. उंच, किंचित पोक काढून उभा असलेला, दोन दिवसांची दाढी. एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात... चक्क आरसा. भिंतीवरचा असतो तसा, चौकटीचा.

"काय म्हणालात?"

"ते जे नाव सापडत नाही असं तो सांगतोय ना, त्याच्या शेवटी एक छोटी आडवी रेघ आहे का? असली तर घाबरू नका. त्याचे डोळे शाबूत आहेत. फक्त तो हाक मारतोय एका नावाने, आणि लायब्ररीतलं माणूस ओ देतंय दुसऱ्या नावाला."

मी काही बोलायच्या आत माझा नंबर आला. चहा घेऊन मागे पाहिलं तर तो थर्मास पुढे करून म्हणत होता, "साखर कमी, दादांना चालत नाही." आणि बगलेत आरसा.

सोमवारी आमचा जुना कंप्युटर मेला होता. हॉस्पिटलच्या तळघरात आमचं कृत्रिम पाय बनवायचं वर्कशॉप आहे. मी तिथे आकड्यांचं काम पाहते. पाय गेलेला माणूस आला की त्याच्या उरलेल्या पायाचं माप घ्यायचं, आणि तो ज्या वाटीसारख्या सॉकेटमध्ये बसणार, त्यात कुठे किती दाब येईल ते आधी गणिताने काढायचं. त्यासाठीचा प्रोग्रॅम वर्कशॉप सुरू करणाऱ्या मोठ्या साहेबांनी पंचवीस वर्षांपूर्वी लिहिला होता. हजारो समीकरणं सोडवायला तो एका तयार गणिती लायब्ररीची मदत घ्यायचा. साहेब निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले, प्रोग्रॅम मागे राहिला आणि एकाच कंप्युटरवर मुकाट चालत राहिला. आता नव्या कंप्युटरवर तो पुन्हा उभा करायचा होता, आणि प्रोग्रॅम व लायब्ररी एकमेकांना ओळखच दाखवत नव्हते.

घाई होती ती पंचबाईंची. शाळांच्या सामन्यांत वीस वर्षं शिट्टी फुंकलेल्या या बाई. स्कूटरच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. दुसरीकडून बसवून घेतलेला पाय वर्षभरात दोनदा सोलून निघाला होता. बारा दिवसांनी शाळांची स्पर्धा होती आणि आयोजकांनी त्यांना स्पष्टच विचारलं होतं, उभं राहायला जमेल का, नाहीतर यापुढे दुसरा पंच कायमचा घेतो.

"मी हो म्हणून बसलेय," त्या मला म्हणाल्या होत्या. "आता तुमचं तुम्ही बघा."

मी चहा तसाच हातात धरून जिना उतरले. एररच्या ओळी पाहिल्या. चाळीसच्या चाळीस नावांच्या शेवटी अंडरस्कोर होता.

मग काय, पळत पुन्हा वर. नेत्रविभागातल्या सिस्टरना विचारलं, "आरसा घेऊन फिरणारे एक गृहस्थ..."

"आरसेवाले होय? तिसरा बेड."

तिसऱ्या बेडवर एक वयस्कर गृहस्थ पालथे झोपले होते, तोंड गादीच्या भोकात. आणि आरसेवाले जमिनीवर मांडी घालून आरसा तिरका धरून बसले होते.

"अजून थोडा डावीकडे," बेडखालून आवाज आला. "हां. आता झाड दिसतंय."

"दादांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय," तो मला बघून जरा ओशाळून म्हणाला. "आठवडाभर पालथं राहायचं. एक डोळा झाकलेला. दुसऱ्याला खिडकी दाखवतोय."

"कोण आलंय?" दादांनी जमिनीला विचारलं.

"कॅन्टीनमधल्या मॅडम. त्यांचं अडलंय."

"मग जा की! झाड काय पळून जातंय?"

तर असा तो आमच्या तळघरात आला. बहुतेकांना तिथे पहिल्यांदा कसंतरी होतं. भिंतीला टांगलेले पाय, प्लॅस्टरचे साचे, सगळीकडे पांढरी धूळ. तो मात्र एका लहान मुलीच्या पायापाशी थांबला. आम्ही त्यावर फुलपाखरं चिकटवली होती.

"हा कुणाचा?"

"होता एकीचा. आता तिला मोठा लागतो. दरवर्षी येते, दरवर्षी वाढलेली."

तो हसला नाही, नुसता मान हलवत राहिला. मला ते आवडलं.

तो हवामान खात्यात कामाला होता. हवेचे आणि समुद्राचे अंदाज काढणाऱ्या अशाच गणिती लायब्रऱ्या बांधायच्या आणि प्रोग्रॅमना जोडून द्यायच्या, हेच त्याचं रोजचं काम. वडिलांसाठी रजा काढून आला होता.

"दिवसभर एरर बघून रजा काढली," मी म्हटलं, "आणि इथे येऊन पुन्हा तेच?"

"तिकडचे एरर असे रांगेत उभे राहून भांडत नाहीत."

मी स्क्रीनकडे पाहत राहिले. कान मात्र गरम झाले होते.

नावांचं कोडं त्याने पाच मिनिटांत सोडवलं. साहेबांचा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नावामागे रेघ लावत होता, लायब्ररी ज्याने बांधली तो लावत नव्हता. एक स्विच दिला, म्हणजे हुकमाला एक जादा सूचना जोडली, आणि चाळीसपैकी एकतीस एरर गेले.

"उरलेले नऊ?"

"तुम्ही जोडणीच्या हुकमात लायब्ररी आधी लिहिलीय आणि प्रोग्रॅम नंतर. मागणारा आधी लिहायचा, देणारा त्याच्या मागून. दोघांना जोडणारा लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच चालत जातो. देणाऱ्याजवळून जाताना कुणी काही मागितलेलंच नसेल, तर तो रिकाम्या हाताने पुढे जातो."

"म्हणजे मागितल्याशिवाय मिळत नाही."

"आणि वेळेवर मागायला लागतं," तो म्हणाला... आणि मग दोघंही उगाच कीबोर्डकडे बघायला लागलो.

मी क्रम बदलला. एकही एरर आला नाही. मी इतक्या मोठ्याने ओरडले की प्लॅस्टर ढवळणारे आमचे मिस्तरी हातातलं घमेलं घेऊन धावत आले.

"अजून एक करू?" त्याने विचारलं. "थोडा वेग वाढवून देतो. तुमचं नवं मशीन दमदार आहे, उगीच रांगायला कशाला लावायचं?"

त्याने आणखी एक स्विच टाकला. पूर्वी पाऊण तास घेणारं गणित चाळीस सेकंदांत संपलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं असणार की बस. कारण तो लगेच उठला आणि म्हणाला, "येतो... दादांचं झाड राहिलंय."

दुपारी आईचा फोन आला. जेवलीस का, हा तिचा रोजचा प्रश्न. मी सगळं सांगितलं. रेघ, क्रम, चाळीस सेकंद.

"बरं. आणि त्याचं लग्न झालंय?"

"आई! मी लायब्ररीबद्दल सांगतेय."

"मीही तेच ऐकतेय," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पंचबाईंचा साचा करायचा होता. पण त्याआधी माझी एक सवय आहे, साहेबांनीच लावलेली: नव्या कशावरही विश्वास ठेवण्यापूर्वी त्याला जुनं गणित घालून बघायचं. मी कपाटातून एका सुताराची फाईल काढली. त्याचा पाय आम्ही नऊ वर्षांपूर्वी केला होता आणि त्यावर तो आजही शिडी चढतो. त्याची मापं घातली. नडगीच्या हाडावरचा दाब फाईलमध्ये होता बासष्ट. स्क्रीनवर आला सत्तेचाळीस.

पुन्हा चालवलं. सत्तेचाळीस.

मी त्याला बोलावून आणलं. त्याने फाईल पाहिली, स्क्रीन पाहिला.

"मशीन बदललं की आकडे तंतोतंत जुळत नाहीतच. दशांशानंतर थोडंफार इकडेतिकडे..."

"हे दशांशाच्या अलीकडचं आहे."

"जुन्या मशीनमध्येच चूक असेल. नवं उत्तर जास्त बरोबर असू शकतं."

"जुन्या उत्तरावर एक माणूस नऊ वर्षं शिडी चढतोय."

"अहो, पण लिंक नीट झालंय, एकही तक्रार नाही. आमच्याकडे तर इतका फरक..."

"तुमच्याकडे चुकलं तर माणूस भिजतो," मी म्हटलं. "आमच्याकडे चुकलं तर त्याचं कातडं सोलतं."

बोलून गेले. त्याचा चेहरा उतरला. तो जिना चढून गेला.

वाईट वाटायला वेळ नव्हता, तरी वाटलंच. ज्याने न मागता मदत केली त्यालाच मी फटकारलं होतं. पण सत्तेचाळीसवर सही करणं माझ्याने होणार नव्हतं. मी साहेबांचा प्रोग्रॅम उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.

जिथे दाबांची बेरीज होते तिथे एक विचित्र ओळ सापडली. एका आकड्यात दुसरा मिळवायचा, मग पहिला वजा करायचा, मग दुसराही वजा करायचा. शाळकरी मूलसुद्धा सांगेल, उत्तर शून्य. आणि ओळीवर साहेबांची टीप: 'ही ओळ निरुपयोगी दिसेल. काढू नका.'

मी साहेबांना फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून अर्धं हॉस्पिटल आमचं संभाषण ऐकत होतं.

"साहेब, शून्य येतंय ना त्याचं!"

"कागदावर शून्य! मशीनमध्ये नाही!" तेही ओरडले. "मोठ्या आकड्यात बारीक आकडा टाकला की बारीक आकड्याचे शेवटचे अंक सांडतात, मुली. मशीनच्या खिशात तेवढी जागाच नसते. ती ओळ सांडलेलं वेचते आणि पुढच्या बेरजेत परत टाकते. लाख वेळा थोडं थोडं सांडलं तर किती होईल?"

"मग टिपेत कारण का नाही लिहिलंत?"

"लिहिलं असतं तर तू फोन केला असतास का?"

फोन ठेवला आणि मनात आलं ते करून पाहिलं. ती ओळ काढूनच टाकली. पुन्हा कंपाइल, पुन्हा लिंक, सुताराचं गणित.

सत्तेचाळीस. तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत.

म्हणजे ओळ असून नसून सारखीच होती. म्हणजे आधीही ती चालतच नव्हती! साहेबांनी लिहिली होती, फाईलमध्ये दिसत होती, पण तयार प्रोग्रॅममध्ये ती पोचलीच नव्हती.

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. तो दादांना पेपर वाचून दाखवत होता. मला बघून थांबला.

"ओळ काढली," मला धाप लागली होती, "तरी सत्तेचाळीसच. कंपायलर ती ओळ आपल्या मनाने गाळतोय."

एक क्षण त्याला कळलं नाही. मग त्याने पेपरची घडी घातली, अगदी सावकाश.

"तो वेगाचा स्विच," तो म्हणाला. "त्याने कंपायलरला मुभा मिळते, कागदावर जे सारखं ते सारखंच धरून चाल म्हणून. त्याने पाहिलं, उत्तर शून्य. टाकली उचलून. ही मुभा धोक्याची असते हे मला माहीत आहे... माहीत होतं. आमच्याकडे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो."

"मग तो स्विच टाकलात कशाला?"

"तुमचं उत्तर लवकर यावं म्हणून."

"खरं सांग," बेडखालून दादा म्हणाले.

सिस्टर बाटली बदलता बदलता थांबल्या.

"...छाप पडावी म्हणून," तो म्हणाला.

मला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काहीच धड आलं नाही. "चला खाली," एवढंच म्हटलं.

वेगाचा स्विच काढून आम्ही सगळं पहिल्यापासून बांधलं, लायब्ररीसुद्धा. गणित सुरू झालं. चार मिनिटं लागतील असं स्क्रीनने सांगितलं.

"थांबायला लागेल," तो म्हणाला.

"थांबू की."

तळघराच्या वरच्या खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. आम्ही ते बघत बसलो. बाहेर भुरभुर सुरू झाली होती, चपलांचे आवाज ओले झाले होते.

"मघाशी तुम्ही म्हणालात, आमच्याकडे चुकलं तर माणूस भिजतो," तो हळूच म्हणाला. "नेहमी तेवढंच होत नाही. माझे काका मासेमारीच्या बोटीवर होते. अंदाज चुकला होता. मी लहान होतो... म्हणून मी या कामात आलो."

"मला माहीत नव्हतं. माफ करा."

"नाही, नाही. तुम्ही बोललात तेच बरोबर होतं. मीच विसरलो होतो. मी वर जाऊन विचार करत बसलो, की या बाईने न तपासता सही केली असती तर? मी दिलेलं उत्तर घेऊन कुणीतरी उभं राहिलं असतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू ऐकलं नाहीस माझं. त्याबद्दल मी किती आभारी आहे, सांगता येत नाही मला."

'तू' म्हणाला होता. त्याला कळलंही नव्हतं. मला मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"तू आला नसतास," मी म्हटलं, जरा अडखळत, "तर मी अजून त्या रेघेपाशीच भांडत बसले असते."

आता त्यालाही ऐकू आलं. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला बिचारा.

स्क्रीनवर आकडा उमटला. बासष्ट.

पंचबाई सोमवारी नवा पाय घालून समांतर दांड्यांमध्ये उभ्या राहिल्या. एक पाऊल. दुसरं. टोकाला जाऊन त्या वळल्या, दांडे सोडले आणि परत आल्या. मग खुर्चीवर बसून त्यांनी सॉकेट काढलं आणि नडगीवरून बोट फिरवलं. कुठे लाली नव्हती.

"दुखत नाही," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "पहिल्यांदाच... दुखत नाही."

त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या दिवशी घरी जाताना मी मनातल्या मनात किती जणांचे आभार मानले! साहेबांचे, त्या ओळीचे, सुताराचे. आणि एकाचे जरा जास्तच.

दादांना त्याच आठवड्यात घरी सोडलं. मी तेव्हा मापं घेत होते, निरोप घेता आला नाही. टेबलावर चिठ्ठी होती, त्यात सगळ्या स्विचांची यादी, प्रत्येकापुढे कारण. शेवटी लिहिलं होतं: 'कारणं लिहिली आहेत, तरी फोन केलास तर चालेल.' खाली नंबर.

मी शुक्रवारपर्यंत तग धरला. मग फोन करून म्हटलं, "उद्या स्पर्धा आहे. पंचबाईंनी दोन पास दिलेत."

मैदान ओलं होतं. पंचबाई नव्या पायावर, पांढऱ्या टोपीत, शिट्टी गळ्यात. एकामागून एक तीन सामने त्यांनी उभ्याने घेतले. तिसऱ्यात एका आडदांड मुलाने हुज्जत घातली, तर त्या ताडताड चालत त्याच्यापर्यंत गेल्या आणि त्याला कार्ड दाखवून आल्या. लोक मुलाला हसत होते. मी त्यांची चाल बघत होते आणि माझे डोळे वाहत होते. त्याने रुमाल पुढे केला. घेताना बघते तर त्याचेही डोळे भरलेले.

"तुला लागेल ना मग हा?"

"तुझं झालं की दे."

सामने संपल्यावर आम्ही बसथांब्यापर्यंत चालत आलो. तो दोनदा काहीतरी बोलायला गेला आणि दोनदा थांबला.

"दादांची तपासणी आता महिन्याने," शेवटी म्हणाला. "म्हणजे तुमच्या हॉस्पिटलात यायला मला... कारण उरलं नाही."

"हं."

"कारण नसताना आलो तर चालेल?"

"नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा पडला की मला पुढचं वाक्य घाईघाईने म्हणावं लागलं. "कारण नसताना कशाला? माझ्यासाठी ये. तेवढं कारण पुरे नाही का?"

तो बघतच राहिला. मग त्याने माझा हात हातात घेतला, आणि घेतल्यावर घाबरून पाहिलं, चालेल ना? मी बोटं मिटून घेतली.

बस येऊन उभी राहिली. कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, "अहो, येताय का?"

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

बस गेली. आम्ही चालायला लागलो, तिच्या उलट दिशेला, कारण त्याचं घर त्या बाजूला होतं आणि तो म्हणाला, दादा वाट बघतायत. मी आईला फोन लावला, म्हटलं उशीर होईल. आईने का म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाली, "सावकाश ये. आणि त्याला म्हणावं, आमच्याकडेही एकदा ये."